जी फळं बाजारात जात नाहीत

खामगावच्या बाजारात नासपती येते ती श्रावण-भाद्रपदात, उत्तरेकडून येणाऱ्या सफरचंदांच्या पेट्यांसोबत. काही आठवडे हातगाड्यांवर तिच्या हिरव्या-पिवळ्या राशी दिसतात आणि मग ती नाहीशी होते. आपल्या जिल्ह्यात ती पिकत नाही. तिला हिवाळ्यात शेकडो तासांची कडक थंडी लागते, आणि तशी थंडी हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडात मिळते. संपादकांनी यंदाचा विषय कळवला, 'फळ आणि पेय'. सोबत सुचवलं, की नासपतीच्या आंबवलेल्या रसाचे, म्हणजे 'पेरी'चे, जगात नवनवे प्रयोग चालू आहेत. त्यांच्याकडे बुलडाण्यातून पाहून लिहा. पेरीबद्दल जसजसं वाचत गेलो, तसतसा डोळ्यांपुढे जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांचा सातपुड्याकडचा पट्टा उभा राहत गेला. पेरीची गोष्ट मुळात न खाता येणाऱ्या फळाची आहे, आणि तसली फळं आपल्याकडे भरपूर आहेत.

तोंड वाळवणारी नासपती

पेरीची नासपती आपण खातो ती नव्हे. इंग्लंडच्या पश्चिमेला ग्लॉस्टरशर, हेरफर्डशर आणि वुस्टरशर या तीन परगण्यांत तिचे जुने वृक्ष आहेत. फळ लहान, कठीण आणि इतकं तुरट, की एक चावा घेतला तरी जीभ आणि गाल आतून ओढल्यासारखे होतात. झाड मात्र थोराड. अडीचशे-तीनशे वर्षं जगतं आणि पुरतं बहरायलाच एका पिढीचा काळ घेतं. लावणारा एक, पिणारे त्याचे नातू. ग्लॉस्टरशरमध्ये मे हिल नावाची जेमतेम तीनशे मीटर उंचीची टेकडी आहे. ती जिथून दिसते तिथल्याच झाडांची पेरी खरी, असं तिथले लोक मानतात. वाण शंभरावर आणि नावंही गावरान. कुठल्या वाणाला कोणतं नाव, याची नोंद करत चार्ल्स मार्टेल नावाच्या शेतकऱ्यानं आयुष्याची कित्येक वर्षं घालवली. त्यानं बनवलेल्या एका चीजचं 'स्टिंकिंग बिशप' हे नाव नासपतीच्याच एका वाणावरून आलं. ते चीज त्याच वाणाच्या पेरीनं धुतलेलं असतं.

हे फळ हाताळणं सोपं नाही. काही वाण झाडावरून पडल्यावर एक-दोन दिवसांत दळावे लागतात, कारण ते बाहेरून चांगले दिसत असताना आतून, गाभ्यापासून, सडत येतात. काही महिनोन् महिने टिकतात. दळलेला लगदा लगेच पिळायचा नाही. रात्रभर उघडा ठेवायचा, म्हणजे त्यातला तुरटपणा काही अंशी खाली बसतो. पुढं पेय गढूळ होण्याचं भय त्यानं कमी होतं. मग रस पिंपात जातो. सालीवरची आणि गिरणीतली रानटी यीस्टच कामाला लागतात. नासपतीत सॉर्बिटॉल नावाचा एक गोड पदार्थ असतो, तो यीस्टला पचत नाही. म्हणून सगळी साखर संपून दारू तयार झाली तरी पेरीत एक हलकी गोडी शिल्लक राहते. सफरचंदाच्या सायडरमध्ये ती आपोआप येत नाही. धोकाही नासपतीतच आहे. तिच्यातल्या सायट्रिक आम्लावर जिवाणू चढले, की ते त्याचा व्हिनेगर करून टाकतात. कारागिराचं अर्धं कसब हे थोपवण्यात जातं.

विसाव्या शतकात ही कला जवळपास मोडीत निघाली होती. 1953 मध्ये सॉमरसेटच्या शॉवरिंग कुटुंबानं 'बेबीचॅम' नावाची फसफसती पेरी लहान बाटल्यांत बाजारात आणली आणि ती घरोघरी पोचली. पण कारखान्यातून निघणाऱ्या त्या पेयाला जुन्या झाडांची आणि शंभर वाणांची गरज नव्हती. शेतातले वृक्ष तुटत राहिले.

प्रयोग कुठं रुजले

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ही कला परत उभी राहिली ती लहान कारागिरांच्या हातांनी. पॅरिसच्या एका नामवंत उपाहारगृहात वाइनची जबाबदारी सांभाळणारा एरिक बोर्दले 1992 च्या सुमारास नॉर्मंडीच्या सीमेजवळच्या आपल्या गावी परतला. तिथल्या जुन्या झाडांच्या नासपतींची पेरी तो शॅम्पेनसारखी जपून बनवू लागला. त्याच्या 'ग्रॅनिट' या पेरीला आज जगभर मागणी आहे. हेरफर्डशरचा टॉम ऑलिव्हर व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत पेरी मुरवतो आणि रानटी यीस्टवर भरवसा ठेवतो. कोणी अजून आंबत असलेलाच रस बाटलीत भरून बूच लावतं, म्हणजे उरलेली साखर बाटलीत फसफसते आणि तळाशी गाळ राहतो. कोणी नासपतीसोबत क्विन्स हे दुसरं तुरट फळ दळतं, कोणी बिअरमधले हॉप्स घालतं, कोणी द्राक्षांच्या साली, कोणी मध. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात हिवाळ्यात नासपतीचा रस गोठवून त्याची साखर एकवटतात आणि त्यापासून दाट, मधासारखी 'आइस पेरी' करतात. फ्रान्समधल्या डोमफ्राँच्या पेरीला 2002 मध्ये भौगोलिक ओळखीचा दर्जा मिळाला. तिच्यात 'प्लाँ द ब्लाँ' नावाच्या वाणाचा हिस्सा किमान चाळीस टक्के असावाच लागतो. त्या झाडांखाली गाई चरतात, म्हणून झाडं उंच वाढवतात.

हे सगळं वाचताना माझं लक्ष चवींपेक्षा एका नियमावर खिळलं. ब्रिटननं 1976 मध्ये सायडर आणि पेरीवर अबकारी कर बसवला, तेव्हा वर्षाला सत्तर हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे 7000 लिटरपर्यंत, बनवणाऱ्याला त्यातून सूट दिली. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात, एका जुन्या दाबयंत्रावर, एका कुटुंबाच्या हातानं होईल एवढंच हे माप. प्रयोग करणारा माणूस शंभर लिटरचा एक घाणा बिघडला तर तो ओतून देतो आणि पुढच्या हंगामाला लागतो. परवाना, गोदाम आणि निरीक्षकाचा खर्च आधीच अंगावर असता, तर तो बिघडण्याचा धोका घेऊच शकला नसता. त्या प्रयोगांच्या मागं हे छोटंसं दार आहे, असं माझं मत आहे.

घाटाखाली, मोहाच्या झाडाखाली

आमच्या जिल्ह्यात लोक स्वतःची ओळख 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' अशी सांगतात. अजिंठ्याच्या डोंगरकडेवर बुलडाणा, चिखली, मेहकर. खाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी जमीन, मलकापूर, नांदुरा, शेगाव आणि त्यापलीकडे उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर. या खालच्या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांच्या विहिरींना खारं पाणी लागतं. तिथला माणूस पाण्याच्या चवीवरून गाव ओळखतो. पण सातपुड्याला टेकलेल्या भिंगारा, गोमाल, चाळीसटापरी यांसारख्या वस्त्यांत चित्र बदलतं. लोक भिलाला, बारेला, निहाल, कोरकू. रस्ता चढाचा, झाडी सागाची, मोहाची, तेंदूची. संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेलं आहे.

मोह फुलतो फाल्गुन-चैत्रात. पानं झडलेली असतात, फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लटकतात. ही फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. गळतो तो फुलाचा मांसल, मलईच्या रंगाचा पाकळ्यांचा भाग. आकारानं बोराएवढा, बोटांत धरला की चिकट रस लागतो. अंधार असतानाच बायका आणि मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढलं की फूल सुकतं, आणि उशीर झाला तर अस्वल, रानडुक्कर, गुरं ते खाऊन जातात. अस्वलाला मोह फार प्रिय. या दिवसांत पहाटे झाडाखाली माणसावर हल्ला झाल्याची बातमी सातपुड्याच्या पट्ट्यातून दरवर्षी येते, तरीही माणसं जातात. प्रत्येक झाड कुणाचं, हे गावात ठरलेलं असतं, कागदावर नाही. वनविभागाचा आणि लोकांचा सगळ्यात जुना वाद याच हंगामातला. झाडाखालची जागा स्वच्छ दिसावी म्हणून पालापाचोळा पेटवतात आणि आग जंगलात शिरते. झाडाखाली जाळी अंथरली तर आग लावायची गरज पडत नाही आणि फूलही मातीला लागत नाही. पण जाळीला पैसे लागतात.

गोळा केलेली फुलं अंगणात वाळवतात. तीन-चार दिवसांत मलईचा रंग जाऊन लालसर तपकिरी येतो आणि मनुक्यासारखा वास सुटतो. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. एखाद्या फळाची साखर एवढी एकवटलेली मिळाली, तर पेरीवाला खूश होईल. हे फूल भाजून खातात, ज्वारीच्या भाकरीसोबत खातात, दुष्काळात त्यावर दिवस काढल्याच्या आठवणी वयस्कर माणसांना आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर फळ येतं. त्या फळातून बी काढून तेल गाळतात. एकाच झाडाला दोन हंगाम आणि दोन्ही घर चालवणारे.

पैशाचा व्यवहार मात्र घरच्या बाजूनं नाही. हंगामात आठवडी बाजारात व्यापारी भाव पाडून घेतो, कारण बाईला मीठ-तेल त्याच दिवशी हवं असतं आणि साठवायला कोरडी जागा नसते. पावसाळ्यानंतर तेच फूल महाग होतं. तोवर ते तिच्या हातात नसतं.

सडवा आणि उन्हाळा

मोहाची दारू कशी होते, हे इथं लपून राहिलेलं नाही. विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दर काही दिवसांनी 'सडवा मोहामाच जप्त' अशी बातमी असतेच. वाळलेली फुलं पाण्यात भिजवतात, भांड्याचं तोंड झाकून चार-सहा दिवस ठेवतात. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. मग बुडबुडे उठतात, फेस चढतो, वास आधी गोड, मग आंबूस. फेस बसला, फुलं तळाला गेली, की साखर संपली हे कळतं. हा झाला सडवा. इथवरचं काम पेरीसारखंच आहे, तीच रानटी यीस्ट, तोच धीर. इथून वाटा फुटतात. पेरी पिंपात मुरायला जाते. मोहामाच, म्हणजे हाच सडवा, चुलीवर चढतो. वर पालथं भांडं, त्यावर थंड पाणी, वाफेचं पाणी होऊन नळीतून धार येते. पहिल्या धारेची सगळ्यात जहाल, पुढची मवाळ होत जाते.

मोहामाच गाळावाच का लागतो, तसाच पिता येत नाही का, हा प्रश्न मी अनेकांना विचारला. उत्तर प्रत्येकानं हवामानाकडं बोट दाखवून दिलं, आणि विज्ञानही तेच सांगतं. चैत्र-वैशाखात घाटाखाली पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात असतो. त्या उष्म्यात यीस्ट झपाट्यानं काम संपवतात. मग जिवाणू सुटतात आणि एक-दोन दिवसांत सगळं आंबट होऊन जातं. गाळलेली दारू मात्र टिकते. ग्लॉस्टरशरमध्ये नासपती पडते शरदात आणि रस पिंपात जातो तेव्हा थंडी सुरू होते. महिनोन् महिने आंबण्याची गती मंद राहते आणि वसंतात पेय तयार होतं. तिथली थंडी फुकटचा कारागीर आहे. आपल्याकडं मोहाला तो मिळत नाही. म्हणून मोहाचा न गाळलेला, सौम्य, पेरीसारखा प्रकार करायचा असेल तर टाकी थंड ठेवावी लागेल. म्हणजे वीज हवी आणि वीज न जाण्याची खात्री हवी. डोंगरातल्या वस्तीत ही दोन्ही सोपी नाहीत.

विषबाधेच्या भीतीबद्दलही इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे. फळं आणि फुलं आंबताना थोडंसं मिथेनॉल तयार होतं, पण आंबवलेल्या रसात ते एवढं कमी असतं, की माणूस त्यानं मरत नाही. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं दगावली ती कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळं. हातभट्टीवाल्यानं नफ्यासाठी घातलेलं नवसागर, युरिया आणि रसायनं हा वेगळा गुन्हा आहे. फूल निर्दोष आहे. पण दोन्हींची नोंद पोलीस पंचनाम्यात एकाच रकान्यात होते.

एक डोंगर, दोन कायदे

मोहाचं फूल सरकारच्या नजरेत आलं, त्याची सुरुवात इंग्रजांच्या महसुलात आहे. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क ठेकेदारांना लिलावात देऊन कर वसूल करायचा, तर घराघरातली चूल बंद केलीच पाहिजे. मुंबई इलाख्यात 1878 मध्ये अबकारी कायदा आला आणि 1892 मध्ये तर थेट मोहाच्या फुलांवरच वेगळा कायदा झाला. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं दक्षिण गुजरातमधल्या आदिवासींच्या 1922 च्या देवी चळवळीवर लिहिताना ही सगळी साखळी उलगडली आहे. दारू सोडण्याची आदिवासींची हाक ही दारू विकणाऱ्या सावकार-ठेकेदारांच्या पकडीतून सुटण्याचीही हाक होती. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला. त्याखाली घरी आंबवलेला कुठलाही रस मद्यच ठरतो. मोहफूल गोळा करणं, साठवणं आणि वाहून नेणं यावरचे निर्बंध राज्य सरकारनं हटवले ते अलीकडे, 2021 मध्ये. पुढच्या वर्षी काजूबोंड आणि मोहफुलांपासून बनणाऱ्या मद्याचा दर्जा 'देशी'वरून 'विदेशी' करण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, म्हणजे ते चांगल्या दुकानांत आणि हॉटेलांत विकता यावं. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीची 'सिक्स ब्रदर्स महुरा' ही मोहाची दारू शहरांतल्या महागड्या कपाटांत पोचली, ती त्यानंतर. पण ज्या डोंगरातून फूल येतं, तिथं हातभट्टीवरचा छापा तसाच चालू राहिला.

जळगाव जामोदच्या उत्तरेला डोंगर चढून पलीकडं उतरलं की मध्य प्रदेश, बुऱ्हाणपूर जिल्हा, खकनार. खकनार संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतलं, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या तरतुदींचं, क्षेत्र आहे. मध्य प्रदेशात अशा क्षेत्रातल्या आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरापुरती, विकण्यासाठी नव्हे, ठरावीक मापापर्यंत मोहाची दारू गाळायला परवानगी आहे. इकडं बुलडाणा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळं अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदाही इथं लागू नाही. अलीकडं भिलाला, पलीकडं भिलाला. सोयरीक या डोंगरावरून होते. लग्नात पलीकडच्या घरी जे रीतीत बसतं, ते अलीकडच्या घरी गुन्हा ठरतं.

त्याही पुढं, 2022 मध्ये मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूसाठी 'हेरिटेज लिकर'चं धोरण आणलं. त्यात उत्पादनाचा हक्क आदिवासी बचत गटांनाच आहे. अलीराजपूर जिल्ह्यातल्या कट्ठीवाड्याच्या गटाची 'मोंड' आणि दिंडोरीच्या गटाची 'मोहुलो' अशी दोन नावं बाजारात आली. पर्यटन खात्याच्या हॉटेलांत ती ठेवली जातात. हे धोरण पूर्ण यशस्वी ठरलं असं मी म्हणत नाही. बचत गटाला बाटली, लेबल, वाहतूक आणि शहरातला ग्राहक हे सगळं सांभाळणं जड जातं, हे कुठल्याही बचत गटाच्या पापडावरूनही कळतं. पण तिथं परवाना कुणाच्या नावावर असावा, या प्रश्नाचं उत्तर सरकारनं दिलं आहे. इकडं तो प्रश्न विचारलाच गेलेला नाही.

बोर्डीचा चिकू, नाशिकचा मध

महाराष्ट्रात फळं आंबवण्याचे प्रयोग होत नाहीत असं नाही. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला प्रियांका सावे आणि त्यांच्या कुटुंबानं 'हिल झिल वाइन्स' उभी केली. डहाणू-घोलवडचा चिकू नाजूक, पिकला की दोन दिवसांत बाद, आणि भाव घसरला की बागेत सडतो. त्यांनी त्याचं हलकं, फसफसतं पेय केलं आणि 'फ्रुझान्ते' या नावानं बाटलीत भरलं. पुढं अननस, आंबा, स्टारफ्रूट आले. चिकूत आम्ल अगदी कमी आणि गर दाट. त्याला पेयाचा ताठपणा देणं हे मोठं काम आहे. नाशिकला योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोन संशोधक मैत्रिणींनी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या अभ्यासानंतर 'सेराना' नावाची मधाच्या मद्याची, म्हणजे मीडची, कंपनी काढली. जांभळाचा रस मधासोबत आंबवण्याचा त्यांचा प्रकार पेरीवाल्यांच्या मिश्र प्रयोगांच्या अगदी जवळ जातो. पुण्यात 'मूनशाइन मीडरी' त्याआधी काही वर्षं सुरू झाली होती. सफरचंदाचा रस आणि मध एकत्र आंबवून त्यांनी तरुणांना मीडची ओळख करून दिली.

हे लोक शिकलेले, भांडवल जमवू शकणारे, शहराजवळचे. त्यांनीही परवान्यांसाठी बराच काळ घालवला, कारण मीड नावाचा प्रकार कायद्याच्या कुठल्या रकान्यात बसवायचा हेच आधी ठरवावं लागलं. 2001 मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं तेव्हा नाशिकला वाइनचा उद्योग उभा राहिला. एका फळासाठी धोरण होऊ शकतं, हे तेव्हा सिद्ध झालं. बाकीची फळं त्या दारात थांबली आहेत.

घाटावरची थंडी

बुलडाणा शहर उंचावर आहे, इंग्रजांना हवा मानवली म्हणून त्यांनी इथं ठाणं केलं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंगावर रग लागतो. याच दिवसांच्या आधी अजिंठ्याच्या रांगांत सीताफळं पिकतात. राजूर घाटात, बोथ्याच्या जंगलाच्या कडेला, लोणारच्या विवराच्या उतारावर त्यांची रानातली झाडं आहेत. दसरा ते दिवाळी रस्त्याकडेला बायका टोपल्या मांडून बसतात. संध्याकाळी न विकलेलं फळ दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, तिसऱ्या दिवशी फेकावं लागतं. थंडीच्या तोंडावर येणारं, वाया जाणारं आणि साखरेनं भरलेलं फळ आपल्याकडं आहे, ते हेच. पुढं बोरं येतात, संग्रामपूरकडं संत्र्याचा हंगाम असतो. मोहाचा उन्हाळा आडवा येतो, तसा या फळांना येत नाही.

पण सीताफळ हट्टी आहे. गर तापवला की कडवट होतो, हवेत ठेवला की काळा पडतो, आणि त्याचा रस निघता निघत नाही. बिया दळणं तर टाळलंच पाहिजे, कारण त्यांच्यात कीड मारणारं विष आहे. जुन्या घरांत त्या उवांसाठी वापरत आणि डोळ्यात गेल्यास इजा होते. आम्ल कमी असल्यानं लिंबू किंवा चिंचेची जोड लागेल, गर पातळ करायला पेक्टिनेज हे विकर लागेल, हवेशी संपर्क तोडावा लागेल. सीताफळात मध घातला तर काय, बोराचा तुरटपणा मिसळला तर काय, हे प्रश्न मला पेरीतल्या क्विन्स-प्रयोगांपेक्षा कमी रोमांचक वाटत नाहीत. तुरटपणात नासपतीला सगळ्यात जवळचं आपलं फळ जांभूळ. ओढ्याकाठच्या रानजांभळांनी जीभ जांभळी होते आणि गाल ओढले जातात, अगदी पेरीच्या नासपतीसारखे. पण ते येतं ज्येष्ठात, आणि एका दिवसात नासतं.

हे करून पाहायला जागा आहे. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या विभागाचं आहे, जिल्ह्यात बुलडाणा आणि जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. संशोधनासाठी परवानगी काढून दहा-वीस लिटरच्या काचेच्या बरण्यांत एक थंडी काढता येईल. तापमान, साखर, आम्ल यांची रोज नोंद. हे काम प्रयोगशाळेचं आहे आणि खर्च फार नाही.

आडवी बाटली

या लेखाचं काम चालू असताना ज्या बायका भेटल्या, त्यांतल्या अनेकींना हा विषयच नको होता. दारूनं त्यांची घरं पाहिली आहेत. नवऱ्याची मजुरी संध्याकाळी कुठं जाते, मार कशामुळं पडतो, शेत गहाण का पडलं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. महाराष्ट्रात गावातल्या महिला मतदारांच्या मतदानानं दारूचं दुकान बंद करता येतं. मतपत्रिकेवर एक बाटली उभी असते आणि एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान जातं. विदर्भानं वर्धा, गडचिरोली आणि मध्यंतरी चंद्रपूर अशी जिल्हा दारूबंदी पाहिली आहे. तिथली बंदी आणि तिच्याआडून चालणारी चोरटी दारूही पाहिली आहे.

त्या बायकांचं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच मला वाटतं, की मोह आणि सीताफळ यांचा प्रश्न त्यांच्याशिवाय सोडवता येणार नाही. आज मोहाची दारू गावात आहेच. तिच्यावर नियंत्रण ठेकेदाराचं, हातभट्टीवाल्याचं आणि छापा टाकणाऱ्याचं आहे. फूल वेचणाऱ्या बाईचं त्यात काहीच नाही. त्याऐवजी लहान मापाचा परवाना हवा, फक्त आंबवलेल्या सौम्य पेयासाठी, गाळण्यासाठी नाही. तो ग्रामसभेच्या ठरावानं मिळणारा आणि ग्रामसभेच्या ठरावानं रद्द होणारा. गावात विक्री नाही, माल बाहेर जाणारा. आणि घाणा तपासणारा माणूस पोलीस नव्हे, विद्यापीठाचा. आडवी बाटली करण्याचा हक्क असलेल्या बायकांनाच बाटली उभी ठेवण्याच्या अटी ठरवू द्याव्यात.

एका बचत गटातल्या मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की वाळवलेलं फूल पावसाळ्यापर्यंत ठेवायला कोरडी खोली मिळेल का. दारू नंतर, आधी भाव, असं त्यांचं म्हणणं होतं. चैत्रात विकलेल्या फुलाचा आणि भाद्रपदात विकलेल्या फुलाचा फरक त्यांच्या हाती राहिला, तरी त्यांचं वर्ष निभतं. ही मागणी जिल्हा नियोजन समितीच्या एका ठरावात बसणारी आहे.